कोडने दाखवलेला बिघाड आणि कोडला न दिसलेला

मे महिन्याच्या मध्यावर देवगड तालुक्यातील एका धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या कामावरून मला बोलावणे आले, तेव्हा तिथल्या वीस टनी पोकलेनचे दोन सेन्सर आधीच बदलून झालेले होते. पहिल्यांदा बूस्ट प्रेशरचा, म्हणजे टर्बोने इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर बदलला, मग रेल प्रेशरचा, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या नळीतला दाब मोजणारा. हा दुसरा कोल्हापूरहून फोंडाघाटमार्गे मागवावा लागला आणि तो येईपर्यंत काळ्या दगडांनी भरलेले डंपर किनाऱ्यावर खोळंबून राहिले. तरीही मशीन लोडवर आले की मॉनिटरवर बिघाडाच्या कोडचा तोच मेसेज येई, इंजिन मिनिटाला तेराशे फेऱ्यांच्या आसपास अडकून बसे आणि दगड उचलायची ताकद उरत नसे. मृगाचा पाऊस लागला की समुद्रालगतचे काम थांबते आणि अर्धवट रचलेला बंधारा पहिल्याच मोठ्या उधाणात विस्कटतो, त्यामुळे मालकांची घाई समजण्यासारखी होती. त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "सेन्सर नवो घातलो, तरी तोच कोड. आता ईसीएम मागवूचो काय?" ईसीएम म्हणजे सेन्सरचे आकडे वाचून इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. मी म्हणालो, "आधी मोजतंय, मगे सांगतंय."

स्कॅनर, म्हणजे ईसीएममधले कोड वाचणारे यंत्र, लावण्यापूर्वी मी ऑपरेटरशी बोलतो, आणि हे मी कधीही टाळत नाही. मशीनवर रोज बसणाऱ्या माणसाला बिघाडाची वेळ, जागा आणि परिस्थिती ठाऊक असते, जी कोणत्याही स्कॅनरमध्ये नोंदलेली नसते. पहिल्यांदा तोही पावसाळी हवेला आणि डिझेलला दोष देत होता, पण मेसेज नेमका कोणत्या हालचालीला येतो असे विचारल्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, "मेस्त्रीनू, बकेट रिकामी आसताना काय एक होणा नाय. धोंडो उचललो की मेसेज येता आणि मशीन बसता." या एका वाक्याने शोधाची दिशा बरीचशी ठरली. लोडवर इंजिन आपल्या माउंटिंगवर एका बाजूला झुकते, त्याचा कंप वाढतो आणि इंजिनाला बांधलेले वायरिंग ताणले जाते. जो बिघाड केवळ लोडवर येतो आणि मशीन मोकळे केल्यावर जातो, त्यात इंधन किंवा टर्बो यांच्याइतकाच वायरिंगचाही संशय धरावा लागतो.

कॅबमधील नऊ पिनांच्या गोल डायग्नोस्टिक सॉकेटला स्कॅनर जोडण्याआधी मी मुख्य स्विच बंद करून त्यातल्या सी आणि डी या दोन पिनांमधला रोध मोजला. मशीनमधल्या कॉम्प्युटरांना आपसात जोडणाऱ्या जे-१९३९ या पद्धतीच्या वायरिंगमध्ये दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, त्यामुळे दोन्ही शाबूत असतील तर मीटरवर ६० ओहम दिसायला हवेत. ते तसे दिसले. बॅटरी दोन्ही मिळून चोवीस व्होल्टच्या वर होत्या, स्टार्टर फिरताना बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंतची घट अर्ध्या व्होल्टाच्या आत होती. इतके पाहून झाल्यावर बॅटरी, अर्थ आणि त्या जोडणीकडे परत वळण्याचे कारण उरले नाही.

स्कॅनरने तीन कोड दाखवले. प्रत्येक कोडचे दोन भाग असतात: एसपीएन हा आकडा कोणते माप ते सांगतो आणि एफएमआय हा आकडा बिघाडाचा प्रकार सांगतो. एसपीएन १०० म्हणजे ऑइल प्रेशर, १०२ म्हणजे बूस्ट प्रेशर आणि १५७ म्हणजे रेल प्रेशर; आणि तिन्हींच्या पुढे एफएमआय ४, म्हणजे व्होल्टेज अपेक्षेपेक्षा कमी किंवा वायर अर्थला लागलेली. आधीच्या दुरुस्तीत यातला पहिला आकडा वाचला गेला आणि त्या नावाचा सेन्सर बदलला गेला. दुसऱ्या आकड्याकडे लक्षच गेले नाही, आणि खरी माहिती त्यातच होती. एफएमआय ४ हा कोड ऑइलचा दाब कमी झाला असे सांगत नाही, सेन्सर खराब आहे असेही सांगत नाही. त्या सर्किटमधून ईसीएमपर्यंत जे व्होल्टेज पोहोचले ते शक्य असलेल्या मर्यादेच्या खाली होते, एवढेच तो सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर आहे, तसेच त्याच्या तीन वायरी, दोन-तीन कनेक्टर आणि ईसीएमची पिनही आहे.

कोडची वेळ पाहिली तर तिन्ही कोड तासमीटरच्या एकाच आकड्यावर नोंदले गेलेले होते. तीन वेगवेगळ्या जागी बसवलेले तीन वेगवेगळे सेन्सर एकाच क्षणी खराब होत नाहीत. शिवाय इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, डिझेलच्या आणि हवेच्या तापमानाचे सेन्सर पूर्ण गप्प होते. तापमानाचे हे सेन्सर दोन वायरींचे असतात आणि त्यांना लागणारे व्होल्टेज ईसीएम आतूनच प्रत्येकाला वेगळे देतो. दाबाच्या तीन वायरींच्या सेन्सरना मात्र बाहेरून ५ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि या इंजिनात तो तिघांना एकाच लाइनवरून मिळत होता. आमच्याकडे वरून येणाऱ्या एका पाटावर तीन वाड्यांचे शिंपणे चालते आणि पाट वर कुठे फुटला तर तिन्ही वाड्या एकदमच कोरड्या पडतात, तसाच हा प्रकार दिसत होता. म्हणून मी तिन्ही सेन्सर बाजूला ठेवून त्या ५ व्होल्टच्या लाइनचा माग काढायचे ठरवले.

सेन्सर बाजूला ठेवले तरी त्यांची एक साधी तपासणी मी आधी करून घेतली, कारण तिला पाच मिनिटेही लागत नाहीत. चावी ऑन आणि इंजिन बंद असताना बूस्ट सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. किनाऱ्यावर, समुद्रसपाटीला, तो १०० ते १०१ किलोपास्कलच्या जवळ असतो आणि स्कॅनरवर १०० दिसत होते. अशाच एका मशीनवर आंबोलीला, म्हणजे सुमारे ६९० मीटर उंचीवर, ही तपासणी केली तेव्हा ९३ च्या आसपास आकडा आला होता आणि तिथला मेकॅनिक सेन्सर बाद ठरवायला निघाला होता. घाट चढल्यावर हा आकडा उतरणारच, हे ध्यानात ठेवावे लागते. रेल प्रेशरच्या सेन्सरचा सिग्नल इंजिन बंद असताना अर्ध्या व्होल्टाच्या जवळ यायला हवा, तोही तसाच आला. इथे एक गोष्ट आवर्जून लिहितो. इंजिन चालू असताना कॉमन रेलमधला दाब दीड हजार बारच्या वर जाऊ शकतो, आणि त्या दाबाने सुटलेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. त्यामुळे चालू इंजिनावर रेलची नळी ढिली करून 'डिझेल येते का' हे पाहण्याची जुन्या पंपांवरची सवय इथे जीवघेणी आहे, आणि इंजिन बंद केल्यावरही दाब उतरण्यासाठी थांबावे लागते.

मशीन उभे असताना ५ व्होल्टची लाइन बरोबर ५ व्होल्ट दाखवत होती. बिघाड लोडवर येतो, तर मोजणेही लोडवरच व्हायला हवे. बूस्ट सेन्सरच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने, सील आणि वायर यांच्या मधून, मीटरची अगदी बारीक प्रोब, म्हणजे मोजण्याची सळई, सरकवली, मीटरच्या लांब वायरी टायरॅपने, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांनी, बांधत बांधत पंखा आणि सायलेन्सर टाळून कॅबपर्यंत नेल्या आणि मीटर 'मिन-मॅक्स'वर ठेवले. या रीतीत मीटर स्वतःच सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा पकडून ठेवते, त्यामुळे थोड्या वेळाची घटही सहसा निसटत नाही. आमच्या भागात अजूनही पुष्कळ जण वायरीच्या आवरणात सुई टोचून टेस्ट लॅम्प लावतात. सेन्सरच्या लाइनवर लॅम्प लावला तर त्याने ओढलेला करंट ईसीएमला झेपत नाही. आणि सुईने पडलेले छिद्र डोळ्यांना दिसत नसले तरी खारा वारा त्यातून आत जातो आणि पुढच्या काही महिन्यांत तांबे आतल्या आत हिरवे पडत जाते. समुद्रकाठच्या मशीनवर वायर टोचणे म्हणजे पुढचा बिघाड आपल्या हाताने पेरून ठेवणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑपरेटरने मोठा दगड बकेटमध्ये घेऊन बूम उचलली. तिसऱ्या-चौथ्या उचलीला मेसेज आला, इंजिन बसले आणि मीटरने पकडलेला सर्वांत कमी आकडा ०.४ व्होल्ट होता. पुरवठाच इतका खाली गेल्यावर तिन्ही सेन्सरचे सिग्नल अर्ध्या व्होल्टाच्या आत राहणार, आणि ईसीएम तिघांविरुद्ध एफएमआय ४ नोंदवणार, हे ओघाने आलेच. रेलमध्ये नेमका किती दाब आहे हे कळेनासे झाल्यामुळे तो इंजिनाला सुरक्षित वेगावर आणून ठेवत होता. म्हणजे ईसीएम आपले काम अगदी बरोबर करत होता, आणि तो मागवण्याचा विचार तिथेच संपला.

आता लाइन कुठे अर्थला लागते ते शोधायचे होते. इंजिन बंद, चावी ऑन, हेल्परची नजर मीटरवर, आणि मी ईसीएमपासून सुरुवात करून हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, टप्प्याटप्प्याने दाबत, वळवत आणि हलवत पुढे सरकत होतो. डिझेल फिल्टरच्या ब्रॅकेटमागे हात गेला आणि हार्नेस ब्लॉकच्या बाजूला दाबला, तेव्हा व्होल्टेज पडल्याचे पाहून हेल्पर ओरडला. तिथे एक लाकडी पाचर अडकवून हार्नेस त्याच स्थितीत ठेवला आणि तिन्ही सेन्सरचे कनेक्टर एकेक करून काढले. एखादा सेन्सर आतून शॉर्ट असता तर तो काढताच व्होल्टेज परत आले असते. तिन्ही काढले तरी व्होल्टेज खालीच राहिले, म्हणजे दोष वायरीतच होता. खात्रीसाठी मुख्य स्विच बंद करून ईसीएमचा कनेक्टरही काढला आणि ५ व्होल्टच्या वायरीपासून ब्लॉकपर्यंत रोध मोजला: पाचर असताना जेमतेम दोन ओहम, पाचर काढताच जोड तुटलेला. इतका स्वच्छ पुरावा या कामात क्वचितच मिळतो.

फिल्टरचे ब्रॅकेट सोडवल्यावर सगळे नजरेसमोर आले. त्या जागी हार्नेस धरून ठेवणारी रबरी अस्तराची पी-क्लिप असायला हवी होती. पूर्वीच्या कुठल्या तरी कामात ती काढली गेली आणि हार्नेस टायरॅपने ब्रॅकेटच्या कडेलाच आवळला गेला. पत्र्याच्या धारेने आधी कॉरुगेटेड नळी कापली, मग आतल्या वायरीचे आवरण. उघडे पडलेले तांबे नखाच्या लांबीइतके होते. त्यावर हिरवट पांढरी भुकटी साचली होती आणि जिथे ते ब्रॅकेटला घासत होते तेवढाच भाग घासून घासून चकचकीत झाला होता. त्या चकचकीत ठिपक्याच्या समोर ब्रॅकेटवरचा रंगही तेवढाच उडालेला होता.

दुरुस्ती करताना मी गंजलेला भाग पूर्ण कापला आणि तांबे दोन्ही बाजूंना लालसर, स्वच्छ लागेपर्यंत मागे गेलो. खारट ओल वायरीच्या आत बरीच लांब पसरते, त्यामुळे दिसणाऱ्या गंजाच्या पुढेही थोडे कापावे लागते. नवा तुकडा त्याच जाडीचा घेतला, जोड क्रिम्प केले, म्हणजे धातूच्या नळीत दाबून पक्के केले, आणि त्यांवर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आकसणारी हीटश्रिंक नळी चढवली. सोल्डर केलेला जोड कंप सोसताना कडेला तुटतो आणि नुसती इन्सुलेशन टेप कोकणातल्या उन्हापावसात एक हंगामही टिकत नाही, म्हणून इंजिनावर मी या दोन्ही गोष्टी वापरत नाही. नवी नळी, नवी पी-क्लिप, आणि हार्नेसला इंजिनाच्या हालचालीपुरता थोडा ढिलेपणा, एवढे करून ब्रॅकेट बसवले. कोड पुसले आणि मशीन पुन्हा दगडांवर घातले. मीटर तसेच ठेवून बराच वेळ काम केले तरी सर्वांत कमी आकडा ४.९ च्या खाली आला नाही.

मालकांच्या दृष्टीने काम झाले होते, पण माझ्या वहीत सकाळची एक नोंद शिल्लक होती. मशीन रात्रभर उभे असल्यावर, सुरू करण्यापूर्वी, पाण्याचे, डिझेलचे आणि आत घेतल्या जाणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखेच दिसायला हवे, कारण ती सगळी बाहेरच्या हवेच्या तापमानाला आलेली असतात. त्या सकाळी हवा आणि डिझेल २८ अंश दाखवत होते आणि पाणी २४. चार अंशांचा फरक. कोणताही कोड नाही. पण किनाऱ्यावर मे महिन्यात २४ अंश कुठून येणार, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नव्हता.

लोडवर चांगले तापलेल्या इंजिनाच्या थर्मोस्टॅट हाउसिंगवर मी इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तेव्हा ९५ अंश आले, आणि पृष्ठभागावरचे माप आतल्या पाण्यापेक्षा दोन-चार अंश कमीच येते. मॉनिटर ६६ दाखवत होता. ऑपरेटरला मी दोन्ही आकडे दाखवले तेव्हा त्याने काही न बोलता मशीन लोडवरून काढले आणि थंड होण्यासाठी मंद गतीवर सोडले.

हे कसे होते ते समजून घेण्यासारखे आहे. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर म्हणजे एक रोधक असतो, ज्याचा रोध तापमान वाढेल तसा घटतो. या जातीच्या सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम असतो आणि १०० अंशांना दोनशेच्याही खाली येतो. कनेक्टरमध्ये गंजामुळे तीनशे ओहमची भर पडली, तर थंड इंजिनावर, जिथे मूळ रोधच अठराशेच्या घरात आहे, चार अंशांचाच फरक पडतो आणि तो कोणाच्या नजरेत भरत नाही. गरम इंजिनावर मात्र मूळ रोध दोनशे आणि भर तीनशे, त्यामुळे ईसीएमला पाचशे ओहम दिसतात आणि तो ते ६६ अंश समजतो. पाचशे ओहम हा आकडा पूर्णपणे शक्य कोटीतला आहे, म्हणून कोड येत नाही. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले तरच या इंजिनातली कोडची पद्धत तक्रार करते. मर्यादेत राहून चुकीचा आकडा येत असेल तर ती गप्प राहते. आणि पाणी तापल्याची सूचनाही त्याच चुकीच्या आकड्यावर अवलंबून असल्यामुळे, इंजिन खरोखर उकळीला आले असते तरी बझर वाजला नसता. पहिला बिघाड काम थांबवत होता. हा दुसरा हेड गॅस्केट आणि पिस्टनपर्यंत गेला असता आणि तोपर्यंत मॉनिटर हिरवाच राहिला असता.

वायर आणि ईसीएम ठीक आहेत याची परीक्षा सोपी असते. दोन वायरींच्या सेन्सरचा कनेक्टर काढला की एफएमआय ३, म्हणजे व्होल्टेज जास्त, असा कोड यायला हवा. कनेक्टरच्या दोन पिना तारेने जोडल्या की एफएमआय ४. दोन्ही आले. मग इंजिन गरम असतानाच कनेक्टर जोडून, जोडाच्या दोन्ही बाजूंना मागून प्रोब लावून व्होल्टेजची घट मोजली. चांगल्या जोडावर ती काही मिलीव्होल्टच असते. इथे अर्ध्या व्होल्टाहून अधिक होती. कनेक्टर उघडला तर रबरी सील एका बाजूने दुमडलेले होते आणि एका पिनेवर हिरवा थर चढला होता. सेन्सर वेगळा काढून गरम पाण्यात थर्मामीटरसोबत तपासला. त्यात काहीही दोष नव्हता. पिन आणि सील नवीन टाकले, सीलवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही तापमाने एका अंशाच्या आत जुळली. पण लोडवर मॉनिटरवर आता ९८ दिसू लागले, आणि मालकांना वाटले की दुरुस्तीनेच मशीन तापवले. ते आधीपासूनच तितके तापत होते. रेडिएटरचे कव्हर उघडल्यावर कारण दिसले: ऑइल कूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बारीक वाळू आणि मीठ ओल्या हवेने घट्ट बसून राहिले होते आणि रेडिएटरच्या पातळ पत्र्याच्या पंखांमधून हवाच जात नव्हती. गोड्या पाण्याने, कमी दाबाने, पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने तो गाळ काढला. जोराच्या वॉशरने अॅल्युमिनियमचे पंख वाकतात आणि पाणी कनेक्टरांत शिरते, म्हणून वॉशर लावू दिला नाही. त्यानंतर भर दुपारी दगड उचलताना तापमान ८८ ते ९० वर स्थिर राहिले.

काढून टाकलेले दोन्ही जुने सेन्सर मी ५ व्होल्टवर तपासून पाहिले. दोन्हींचा सिग्नल बरोबर होता, आणि मालकांनी ते हवाबंद डब्यात राखीव म्हणून ठेवले. निघण्यापूर्वी त्याच कामावरच्या दुसऱ्या पोकलेनचे फिल्टर ब्रॅकेट पाहण्याचा आग्रह मी धरला, कारण दोन्ही मशीनची देखभाल एकाच हाताखाली होत होती. तिथेही पी-क्लिपच्या जागी टायरॅप होता. नळी अर्धी कापली गेली होती, आतली वायर अजून शाबूत होती. नळीचा तेवढा भाग बदलून क्लिप बसवली आणि ते मशीन लगेच कामाला लागले.